दुसरा रकाना

माझ्या गावाचं नावच संगणकाला आधी कळलं नाही. "सारोळ्यात तवा येवढी घरं नव्हती," हे आत्याच्या सांगण्यातलं पहिलं वाक्य. संगणकानं ते सुटं केलं, प्रत्येक शब्दापुढं त्याचं मूळ रूप लिहिलं आणि 'सारोळ्यात'पुढं लिहिलं 'सारोळ'. या नावाचं गाव भोर तालुक्यात नाही. मी ते खोडलं, 'सारोळे' लिहायला गेले आणि थांबले. कागदोपत्री आम्ही सारोळे. पण एसटीत, फोनवर, वर्तमानपत्राच्या बातमीत सारोळा. 'सारोळ्यात' हे रूप दोन्हींचं सारखंच होतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. शेवटी माजघरात जाऊन आत्यालाच विचारलं. "सारोळं की," ती म्हणाली. म्हणजे तिसरंच.

त्या दिवशी पहिल्या वाक्याच्या पहिल्या शब्दावर माझी अर्धी सकाळ गेली. पुणे-सातारा महामार्गावर नीरेच्या पुलाच्या अलीकडं आमचं गाव. पूल ओलांडला की शिरवळ, आणि जिल्हा बदलून सातारा. आत्या इथंच जन्मली, लग्न होऊन वेल्ह्याकडच्या डोंगरात गेली. त्या तालुक्याला आता राजगड म्हणतात. चाळीसेक पावसाळे तिनं भाताची लावणी केली आणि आता म्हातारपणी माहेरी येऊन राहिली आहे. तिचं बोलणं भाच्यानं फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि जमेल तसं टाइप केलं. त्याआधीचा काही मजकूर दोन वह्यांत होता, तो तालुक्याच्या गावी डीटीपी करून आणलेला. या सगळ्या फायली मला एका ठरावीक साच्यात बसवायच्या होत्या. जगभरचे भाषाभ्यासक वाक्यांचं व्याकरण ज्या साच्यात नोंदवतात, त्याचं नाव कॉनल-यू. दीडशेहून अधिक भाषांची वाक्यं आज या एकाच पद्धतीनं मांडलेली आहेत.

साचा दिसायला अगदी साधा आहे. एका ओळीत एक शब्द, एका ओळीत दहा रकाने, दोन रकान्यांच्या मध्ये टॅब. पहिल्यात शब्दाचा क्रमांक. दुसऱ्यात शब्द, जसा आला तसा. तिसऱ्यात त्याचं मूळ रूप. चौथ्यात तो नाम आहे की क्रियापद की आणखी काही. यासाठी सतरा जाती ठरवून दिल्या आहेत. पाचवा रकाना त्या त्या भाषेच्या स्वतःच्या खुणांसाठी. सहाव्यात लिंग, वचन, विभक्ती, काळ. सातव्यात हा शब्द वाक्यातल्या कुठल्या शब्दावर अवलंबून आहे त्याचा क्रमांक आणि आठव्यात ते नातं कोणतं. नववा आमच्या कामात रिकामाच राहिला. दहाव्यात किरकोळ नोंदी. जिथं लिहिण्यासारखं काही नाही तिथं एक अधोरेषा. वाक्य संपलं की एक कोरी ओळ, आणि वाक्याच्या डोक्यावर ते सलग जसंच्या तसं लिहिलेलं. एवढंच.

हे रकाने पहिल्या फेरीत भरण्यासाठी मी यूडीपाइप वापरलं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या मिलान स्ट्राका यांनी ते तयार केलं. त्याची जुनी आवृत्ती माझ्या साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालते, आणि पावसाळ्यात आमच्याकडं त्याला फार किंमत आहे. मराठीसाठी शिकवलेलं मॉडेल त्यात मिळतं. आज्ञा दिली की पानभर मजकुराचे दहा रकाने काही क्षणांत भरून येतात. ज्यांना हे काम म्हणजे बटण दाबणं वाटतं, त्यांचं म्हणणं इथवर खरं आहे.

पण मजकूर आत जाण्याआधी तो धुऊन घ्यावा लागतो, आणि तेच मुख्य काम. डीटीपीच्या फायली जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्यांत पडद्यावर 'क' दिसतो, पण आत इंग्रजीचं एखादं अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की राहतो तो नुसता चिन्हांचा ढीग. तो युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व इकार आधीच्या अक्षरावर जाऊन बसतो, रफार भलत्याच ठिकाणी पडतो. हे निदान डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही त्यानं मला जास्त छळलं. 'साऱ्या' हा शब्द युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारी खूण. कागदावर दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. 'ॲ'चंही तेच: कुणी तो एका अक्षरात टाइप करतं, कुणी 'अ'वर चंद्र चढवतं. साच्याचा नियम मजकूर एका प्रमाणित युनिकोड रूपात मागतो, पण त्या रूपातही या दोन जोड्या एक होत नाहीत. त्या हातानंच एक कराव्या लागतात, आणि काय केलं ते कुठंतरी लिहून ठेवावं लागतं.

मग वाक्य तोडणं. मराठीत वाक्य टिंबानं संपतं, पण टिंब संक्षेपातही येतं. वहीच्या पहिल्या पानावरचा 'मु. पो. सारोळे, ता. भोर, जि. पुणे' हा पत्ता यूडीपाइपनं चार तुकड्यांत कापला. 'ता.' हे त्याच्या लेखी एक पूर्ण वाक्य झालं. हे निस्तरायला सोपं. संक्षेपांची यादी केली, तेवढे जोड परत बसवले. आत्याच्या बोलण्याचं मात्र तसं नाही. ती 'मंग'नं वाक्य सुरू करते, 'आन्'नं पुढं नेते, आणि भाच्यानं टाइप करताना एकही टिंब दिलं नव्हतं. संगणकानं दीड पान म्हणजे एक वाक्य धरलं. मी ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं आणि ती जिथं श्वास घेते तिथं टिंब दिलं. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मिळणार नाही. तरी या बोलण्यासाठी तोच बरोबर, असं माझं मत आहे.

त्यानंतर शब्द तोडणं, आणि मराठीत खरी कसोटी इथंच लागते. 'बांधापर्यंत' हा एक शब्द की दोन? आपण लिहितो एक. पण 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आहे, त्याचं काम वेगळं आहे. साच्यात यासाठी सोय आहे: आधी '३-४' असा जोड क्रमांक देऊन 'बांधापर्यंत' अखंड लिहायचा, मग खाली तीनवर 'बांधा' आणि चारवर 'पर्यंत'. पण मग 'वाफ्यात'चं काय? शाळेत शिकलो की 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. विभक्तिप्रत्यय कुठं संपतो आणि शब्दयोगी कुठं सुरू होतो, हा वाद मराठी व्याकरणकारांना तेव्हापासून, किंबहुना त्याआधीपासून पुरला आहे. मी ठरवलं: प्रत्यय शब्दालाच चिकटून राहू द्यायचे, शब्दयोगी सोडवायचे. पण पहिल्या वहीत 'साठी' कधी सोडवलं होतं, कधी नव्हतं. चूक सर्वस्वी माझी. ती सगळी वही मला पुन्हा करावी लागली. निर्णय चुकला तर पुढच्याला तो बदलता येतो. निर्णय पानागणिक बदलला तर फाइल कुणाच्याच कामाची राहत नाही.

आता एक वाक्य पाहा: "जावेनं रोपं उपटली." चारच ओळी, टिंब धरून. पण यूडीपाइपनं 'जावेनं'चं मूळ रूप दिलं 'जाणे'. जाऊ, म्हणजे दिराची बायको, त्याला माहीतच नव्हती. त्याला फक्त 'जावे' हे क्रियापद माहीत. पुढं 'उपटली' हे रूप दोन ठिकाणी बसतं: स्त्रीलिंगी एकवचनी 'उपटली' आणि नपुंसकलिंगी अनेकवचनी 'उपटली'. इथं ते रोपांशी जुळतं, जावेशी नाही, कारण कर्त्याला 'नं' लागलं की क्रियापद कर्माच्या मागं जातं. हे आपण बोलताना क्षणभरही विचार न करता करतो. संगणकानं मात्र खूण केली: स्त्रीलिंग, एकवचन. मी सहाव्या रकान्यात नपुंसकलिंग, अनेकवचन केलं. सातव्यात 'जावेनं' आणि 'रोपं' दोन्ही तीन नंबरवर टेकवले, 'उपटली'ला शून्य दिलं, कारण सगळं वाक्य तिच्यावर उभं आहे. आठव्यात कर्ता, कर्म, मूळ. रूप तेच, पण ते कुणाचं आहे हे ठरवताना मला माझीच भाषा नव्यानं दिसली.

यूडीपाइपला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जेवढी मराठी दाखवली तेवढीच त्याला येते. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या जागतिक उपक्रमात मराठीचा जो संच आहे तो विनित रविशंकर यांनी हातानं तयार केला आणि २०१७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. बराचसा मजकूर विकिस्रोतावरच्या गोष्टींचा. वाक्यं ४६६, शब्द चार हजारांच्या आत. एका माणसाच्या कष्टाला यात पूर्ण मान आहे. त्याच्याशिवाय मला सुरुवातच करता आली नसती. पण २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. आणि हिंदीच्या मुख्य संचात साडेसोळा हजारांहून अधिक वाक्यं आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीतलं ते काम, मुळात पाणिनीच्या कारकांच्या चौकटीत केलेलं, नंतर या साच्यात रूपांतरित केलेलं. ही कमतरता लोकांची नाही, आपण न केलेल्या कामाची आहे.

आणि त्या ४६६ वाक्यांत तरवा नाही, आवण नाही, इरलं नाही. आत्याच्या बोलण्यात भातशेतीचे हे शब्द पावलोपावली येतात. 'तरवा'ला संगणकानं विशेषण ठरवलं. 'व्हता' त्याला अनोळखी, 'न्हाई' अनोळखी. भाच्यानं सुचवलं, "सगळं शुद्ध करून टाकू ना, 'होता' लिहू. मग मशिन चुकणार नाही." त्याचं म्हणणं सोयीचं होतं. बहुतेक ठिकाणी तसंच करतात हेही मला माहीत आहे. मी नाही म्हटलं.

कारण हा साचा मला आवडतो तो याच जागी. दुसरा रकाना बोलणाऱ्याचा. तिथं 'व्हता' हे 'व्हता'च राहतं. तिसरा रकाना कोशाचा. तिथं 'असणे' लिहा. दोघांना शेजारी बसता येतं, कुणालाही उठवावं लागत नाही. पुढं कुणी 'असणे' शोधलं तर आत्याचं 'व्हता' सापडेल, आणि कुणी 'व्हता' शोधलं तर आत्याच सापडेल. सारोळ्याचंही असंच मिटलं: दुसऱ्या रकान्यात 'सारोळ्यात', तिसऱ्यात कागदोपत्रीचं 'सारोळे', आणि दहाव्यात मी टीप लिहिली की सांगणारी गावाला सारोळं म्हणते.

असं जपणं नवं नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मुळशीच्या डोंगरातल्या बायकांपासून ते काम वाढत गेलं. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभा केला आणि आता 'पारी' या संकेतस्थळावर गायिकेचं नाव, गाव यांसकट त्या वाचता-ऐकता येतात. ओवी टिकली ती कुणीतरी आधी नीट उतरवून घेतली म्हणून. रोजचं बोलणं मात्र कुणी उतरवून घेत नाही, कारण ते गाणं नाही.

शेवटची पायरी तपासणीची. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम मोफत मिळतो. तो अर्थ तपासत नाही, शिस्त तपासतो. रकाने दहाच आहेत ना, वाक्याला मूळ एकच आहे ना, दोन शब्द एकमेकांवरच टेकून बसले नाहीत ना, तुकडे जोडल्यावर वरचं वाक्य अक्षरशः तसंच मिळतं ना. माझी पहिली फाइल यात नापास झाली, कारण शेवटच्या वाक्यानंतर कोरी ओळ नव्हती. ती दिली आणि फाइल पास झाली. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "पोरी, येवढं वाचायचं तरी कुनी?"

त्याचं उत्तर वाचणाऱ्यांकडं आहे, म्हणून तुमच्याकडं एक मागणं. तुमच्या घरात असं बोलणारं कुणी असेल तर त्यांचं तासभर बोलणं ध्वनिमुद्रित करा. युनिकोडमध्ये टाइप करा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, वर गाव, तालुका आणि साल लिहा. दहा रकाने नंतर कुणीही भरील. फक्त 'व्हता'चा 'होता' करू नका.