संकेताची पोच आणि संदेशाचा वेग

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर संकेताच्या सर्व कांड्या भरलेल्या असाव्यात आणि तरीही एखादे पान उघडण्यास मिनिटभर लागावे, हा अनुभव रेल्वे-स्थानकाच्या गर्दीत वारंवार येतो. उलटपक्षी, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या कित्येक वाड्यांत एकही कांडी उमटत नाही. ‘नेटवर्क नाही’ या एकाच शब्दप्रयोगाने दोन्ही तक्रारी व्यक्त होतात. परंतु त्यांची कारणे सर्वथा भिन्न आहेत.

पहिला प्रश्न क्षमतेचा होय. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिल्याप्रमाणे संदेशमार्गाची कमाल क्षमता पट्टरुंदी आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर यांवर अवलंबून असते. गुणोत्तर कायम असता क्षमता पट्टरुंदीच्या समप्रमाणात वाढते. गुणोत्तराबरोबर मात्र ती लॉगरिदमाच्या मंद गतीने वाढते. त्यामुळे मुळात प्रबळ असलेला संकेत आणखी प्रबळ केल्याने फारसा लाभ होत नाही. शिवाय मनोऱ्याच्या कक्षेतील पट्टरुंदी तेथील सर्व ग्राहकांत वाटली जाते. कांड्या संकेताची प्रबलता दर्शवितात. वाटेकरी किती, हे त्यांवरून कळत नाही.

दुसरा प्रश्न पोचीचा. ७०० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३,५०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे ८.६ सेंटिमीटर असते. दीर्घ लहरी डोंगराच्या कडेवरून अधिक वळतात आणि भिंतींतून जाताना सामान्यतः कमी क्षीण होतात. परंतु निम्न कंप्रतांच्या प्रदेशात उपलब्ध पट्टरुंदी तुटपुंजी असते. पोच साधावी तर वेग घटतो, वेग साधावा तर मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी आरंभ झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेसही ही अडचण चुकलेली नाही.

२०२० च्या टाळेबंदीत कोकणातील काही गावांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी टेकडी चढावी लागली. माथ्यावरून दूरच्या मनोऱ्याशी थेट दृष्टिरेषा जुळते, हे त्याचे भौतिक कारण. सामाजिक कारण वेगळे आहे: विरळ वस्तीत मनोऱ्याचा खर्च भरून निघत नाही. २०२३ साली भारत सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदास ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेली. तथापि जेथे संकेतच पोचत नाही, तेथे वेगाची व्याख्या निरर्थक ठरते. सबब सेवेचे मूल्यमापन करताना पोच आणि क्षमता यांची मोजणी स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. सरासरी वेगाच्या आकड्यात टेकडी चढणारा विद्यार्थी दिसत नाही.