प्रदर्शनाआधी भट्टी

मृत्तिकाकलेच्या पदवीधराला महाविद्यालय सोडताच प्रथम दुरावते ती भट्टी. चित्रकाराचे काम घराच्या कोपऱ्यातही होते. स्टोनवेअर मात्र सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजावे लागते. त्यामुळे प्रदर्शनाची संधी दाराशी आली, तरी मांडावयास नवे काम नसते. मोठ्या संधी तशाही मोजक्याच! भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकी प्रथम २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरली; दुसरी थेट २०२४ मध्ये, दिल्लीत. नवोदितांनी तोवर रित्या हाताने थांबावे काय? दोघातिघांनी मिळून विजेची छोटी भट्टी घेणे अधिक व्यवहार्य. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार, तर ‘किशोर’ गटात ५ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. शाखेत येताना भट्टीचे दरपत्रक आणि आजवरच्या कलाकृतींची छायाचित्रे सोबत आणावीत.