पांधणीवरची बुलेट : जुन्या यंत्रात काय बदलावे, काय राखावे

मराठी मुलुखात जिला सरसकट बुलेट म्हणतात ती मोटारसायकल मूळची इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीची. बुलेट हे नाव या कंपनीने 1932 पासून वापरले असले, तरी आज डोळ्यांसमोर येते ते तिचे रूप 1948-49 च्या सुमारास सिद्ध झाले, आणि 1955 मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाल्यामुळे, पुढे 1967 मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही ती भारतात अखंड तयार होत राहिली. परिणामी ब्रिटिश बनावटीची जुनी गाडी वापरात ठेवणे हा इतर देशांत मुख्यतः संग्राहकांपुढचा प्रश्न असला, तरी महाराष्ट्रात तो रोज गाडी चालवणाऱ्यांचाही प्रश्न आहे.

नागपूरच्या नैर्ऋत्येस असलेला हिंगणा तालुका या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचा आहे, कारण मेट्रोच्या लोकमान्य नगर स्थानकापासून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा गुळगुळीत रस्ता, गावांना जोडणारे मुरमाचे रस्ते आणि काळ्या मातीतून शेतापर्यंत पोहोचणाऱ्या पांधणी हे सारे येथे एकाच फेरीत वाट्याला येऊ शकते. अशा संमिश्र वापराशी बुलेटचे नाते जुने आहे. ‘ट्रायल’ नावाच्या ज्या स्पर्धेत वेगाला महत्त्व नसते आणि खडक, ओढे व चिखल पाय न टेकता पार करायचे असतात, तिच्यातूनच या गाडीची 1948 मध्ये पारख झाली, आणि स्कॉटलंडमधील प्रसिद्ध सहा दिवसांची ट्रायल जॉनी ब्रिटन यांनी बुलेटवर 1952 व 1957 अशी दोनदा जिंकली. तिच्या 346 सीसी इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा 90 मिलिमीटर असतो. फेरा लांब आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवून धरणारे चाक, जड असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांवरही न अडखळता ओढते, आणि चिखलात नेमका हाच गुण कामी येतो.

तरीही जुनी बुलेट हाती आली की बहुतेकांचे पहिले लक्ष शक्ती वाढवण्याकडे जाते, हा क्रमच मुळात चुकीचा आहे. सुमारे 18 अश्वशक्तीच्या या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक पुष्कळ जुन्या गाड्यांत रोलर बेअरिंगऐवजी तरत्या बुशवर फिरते, आणि ही रचना स्वच्छ तेल व मध्यम वेग या दोनच अटींवर टिकते. रोलर बेअरिंग बसवणे हा उत्तम बदल असला, तरी तो क्रँक उघडावा लागेल तेव्हाच करावा. सिलिंडर मोठा करून किंवा पिस्टन बदलून दाब वाढवणे हे मात्र ज्या गाडीचे ब्रेक 6 इंची आहेत तिच्या बाबतीत धोक्याचे आहे.

म्हणून आरंभ ब्रेकपासून करणे शहाणपणाचे ठरते. ड्रम ब्रेकमध्ये दोन शू ड्रमला आतून घासतात; जुन्या पुढच्या ब्रेकमध्ये त्यांपैकी एकच शू चाकाच्या फिरण्याने आपोआप अधिक घट्ट दाबला जातो, तर नंतरच्या बुलेटमध्ये आलेल्या 7 इंची ब्रेकमध्ये दोन्ही शू तसे दाबले जातात. हा ब्रेक जुन्या गाडीवर बसवल्यास थांबण्याची ताकद जाणवण्याइतकी वाढते. मात्र गाडी चढावर थांबून मागे घसरू लागली तर चाकाची दिशा उलटते आणि त्याची पकड ढिली पडते, हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे. डिस्क ब्रेकसाठी पुढचा फोर्कही बदलावा लागत असल्यामुळे तो खटाटोप मोठा आहे, आणि पांधणीवरच्या सैल मातीत त्याचा लाभ त्या मानाने थोडा.

प्रज्वलनाच्या बाबतीत सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीचा प्रवाह तोडणारी यांत्रिक कळ, काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवल्यास टायमिंग स्थिर राहते. ठिणगी उशिरा पडण्याने इंजिन अधिक तापते, आणि ज्या नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता तेथे ही बाब गौण मानता येत नाही. या बदलात एक जुनी युक्ती मात्र हातची जाऊ शकते. पॉइंट उघडताच ॲम्मीटरचा काटा शून्यावर येतो, त्यावरून पिस्टनची जागा ओळखून, डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, दाबून ती किंचित ओलांडायची आणि मगच किक मारायची, ही बुलेटस्वारांची रीत होती; नव्या संचात काटा तशी खूण देईलच असे नाही. दिव्यांसाठी 6 व्होल्टचे 12 व्होल्ट करून घेणे अंधारातल्या पांधणीच्या दृष्टीने जवळजवळ अनिवार्य आहे, मात्र जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बहुधा सांगाड्याला जोडलेले असते, त्यामुळे एलईडी दिवे घेण्यापूर्वी ते तपासावे.

इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले असते; त्यातील ऑक्सिजनमुळे इंजिनाला मिळणारे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि उष्णता वाढते, म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट थोडा मोठा बसवावा लागू शकतो. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबराला घातक ठरते, तेव्हा नळ्या व वॉशर बदलावेत, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी.

पावसाळ्यातील काळी माती हा विदर्भातला खरा परीक्षक होय. ती टायरला चिकटून मडगार्डच्या आत साचते आणि शेवटी चाक अडते. ट्रायलच्या गाड्यांत टायर व मडगार्ड यांच्यात मोकळी जागा अधिक ठेवण्याचे कारण हेच आहे. पुढचे मडगार्ड थोडे उंच बसवणे हा स्वस्त बदल महागड्या शॉकॲब्सॉर्बरपेक्षा येथे अधिक उपयोगी ठरतो. खोल नक्षीचे टायर चिखलात उपकारक असले तरी ओल्या सिमेंटवर त्यांची पकड कमी असते, म्हणून मध्यम नक्षी निवडावी. इंजिनाची ओढ वाढवण्यासाठी गिअरबॉक्सचे पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करणे पुरते; वरचा वेग त्याने घटतो, पण या गाडीला तो फारसा लागतही नाही.

हिंगण्याच्या औद्योगिक परिसरात लेथ व बोअरिंगची कामे करून मिळतात, ही सोय मोठी आहे. मात्र जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या अनेक नटबोल्टांचे आटे इंची मापाचे असतात. व्हिटवर्थ पद्धतीत आट्याचा कोन 55 अंश, तर मेट्रिक पद्धतीत 60 अंश असतो, त्यामुळे जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट जबरीने फिरवला की ॲल्युमिनियमचे आवरण कायमचे खराब होते. चांगल्या कारागिराची पारख येथेच होते : तो पाना उचलण्याआधी आटे मोजतो.

कायद्याची बाजू अनेकांच्या लक्षात राहत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कर्कश सायलेन्सर त्यामुळे शहाणपणाचाही नाही आणि सोयीचाही नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी सुरू केली. पण तिच्यासाठी सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल नसावा लागतो, आणि त्या क्रमांकावर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नित्य वापरासाठी नव्हे. ज्याला पांधणीवर जायचे आहे त्याने गाडी साध्या नोंदणीवरच ठेवून पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून जपून ठेवावा, म्हणजे पुढे कधी ‘व्हीए’ क्रमांक घ्यावासा वाटल्यास गाडी मूळ रूपात परत आणता येईल.