शेणाचा हिशोब मांडणारे प्रोफेसर

फायनल इयर प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की ग्रुपवर पहिला मेसेज काय येतो? ‘सीनिअर्सचा जुना रिपोर्ट आहे का कोणाकडे?’ तुमच्याकडेही हेच चालू असेल, तर बंगळुरूच्या एका प्राध्यापकांबद्दल वाचाच.

अमूल्य रेड्डी. मूळचे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचे. बॉक्रिस यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ 1970 मध्ये आलं आणि जगभरच्या विद्यापीठांत पोचलं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधली नोकरी, विषयात नाव झालेलं. पुढची सगळी वर्षं सुखात पेपर लिहीत काढता आली असती. पण नेमक्या याच वेळी त्यांना प्रश्न पडला, आपण लॅबमध्ये जे करतोय ते खेड्यातल्या गरीब माणसाच्या काय कामाचं? प्रश्न अनेकांना पडतो, सेमिनारमध्ये टाळ्याही घेतो. रेड्डींनी 1974 मध्ये सहकाऱ्यांना घेऊन संस्थेतच ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा गट उभा केला.

‘अस्त्र’ची माणसं तुमकूर जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यात गेली. आधी मोजमाप. कोणत्या घरात किती सरपण जळतं, ते कोण आणतं, पाण्यासाठी किती पायपीट होते. ऊर्जेचा अभ्यास म्हणजे मेगावॉट, असं आपल्याला वाटतं. इथे आकडेवारीत बायका आणि पोरांच्या श्रमाचे तास आले!

मग पुरा नावाच्या गावात सामुदायिक बायोगॅस प्लान्ट झाला. हेतू उत्तम होता, स्वयंपाकाला धूर नसलेलं इंधन. आणि योजना फसली. गावाला सरपण गोळा करायला पैसे पडत नव्हते, त्यामुळे चुलीचा गॅस ही त्यांची निकड नव्हतीच. विचारल्यावर कळलं, त्यांना आधी हवं होतं प्यायचं पाणी.

इथे बहुतेक संशोधक ‘लोकांमध्ये जागृती नाही’ असं लिहून मोकळे होतात. यांनी डिझाइन बदललं. तोच गॅस इंजिनाला दिला, त्यावर वीज तयार केली, विजेने बोअरचं पाणी उपसलं, नळ आले, घरात दिवे लागले. 1987 पासून हे सुरू झालं. लोक शेण आणून द्यायचे, ते तोलून घेतलं जायचं, आणण्याचे थोडे पैसे मिळायचे आणि खत होऊन शेण परत शेतात जायचं.

सामायिक गोष्टीची लोक वाट लावतात, हा अर्थशास्त्रातला गाजलेला सिद्धान्त तुम्ही ऐकला असेल. पुरामध्ये उलटं दिसलं. शेण आलं नाही तर सगळ्यांचा नळ बंद, चुकारपणा करणाऱ्याचाही. यावर रेड्डींनी ‘द ब्लेसिंग ऑफ द कॉमन्स’ नावाचा पेपर लिहिला.

नंतर त्यांनी हाच हिशोब आख्ख्या कर्नाटकाला लावला. सरकारी नियोजन ‘किती वीज बनवायची’ इथून सुरू व्हायचं. रेड्डींचं म्हणणं, माणसाला युनिट नको असतात, त्याला उजेड, पाणी, शिजलेलं अन्न हवं असतं. तिथून मोजा, मग किती कमी विजेत भागतं ते बघा. वीज खात्याच्या नियोजनकारांना हे फारसं रुचणारं नव्हतं, हे सांगायला नकोच.

2006 मध्ये ते गेले. ‘अस्त्र’ आजही त्याच कॅम्पसवर आहे, आता त्याचं नाव सेंटर फॉर सस्टेनेबल टेक्नॉलॉजीज. पुराबद्दलचे रेड्डींचे पेपर शोधलेत तर सापडतील. सीनिअर्सच्या रिपोर्टपेक्षा वाचायलाही बरे आहेत.