माणूस बेपत्ता झाला म्हणून दावा बुडत नाही

समन्स परत येतं. मागच्या बाजूला बेलिफाचा शेरा असतो : ‘घराला कुलूप. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून गाव सोडून गेले. नवा पत्ता माहीत नाही.’ पायात सळई घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला या तीन ओळी निकालासारख्या वाटतात आणि तो दावा सोडून देतो. त्याने सोडू नये, म्हणून हे लिहितो आहे.

समन्स हातात पडल्याशिवाय खटला चालत नाही, हा समज चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 5, नियम 20 प्रमाणे, नेहमीच्या मार्गाने बजावणी होत नाही अशी न्यायालयाची खात्री पटली, तर पर्यायी बजावणीचा हुकूम होतो. समन्स कोर्टाच्या आवारात आणि प्रतिवादीच्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर डकवतात, किंवा त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहीर समन्स छापतात. ही बजावणी हातात दिल्याइतकीच ग्राह्य असते. पण खात्री पटवायची ती आपणच. म्हणून जुन्या पत्त्यावरून परत आलेलं पाकीट फेकू नका. नातेवाईक, घरमालक, कामाचं ठिकाण इथे कधी चौकशी केली, कोण काय म्हणालं, हे तारखेनिशी लिहून शपथपत्रात घाला. समन्स बजावणीविना परतल्यावर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. माणूस पळाल्यामुळे नव्हे, आपण थांबल्यामुळे.

तो आला नाही म्हणजे आपण जिंकलो, असंही नाही. एकतर्फी निकालासाठीसुद्धा चूक त्याचीच होती हे आणि दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी हे पुराव्याने दाखवावं लागतं. शिवाय योग्य बजावणी झालीच नव्हती, असं सिद्ध करून तो निकाल रद्द करून घेऊ शकतो. पर्यायी बजावणी असेल, तर अशा अर्जासाठीचे त्याचे 30 दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. पत्ता शोधताना केलेली हयगय अशी मागाहून महागात पडते.

रस्त्यावरच्या अपघातात तर चालकाच्या मागे धावण्याची फारशी गरजच नसते. गाडीचा नंबर मिळाला की आरटीओच्या नोंदीतून मालक कळतो आणि विम्यावरून विमा कंपनी. भरपाईसाठी या दोघांना धरता येतं. अर्ज आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो.

आणि गाडीच सापडली नाही तर? तरीही हात रिकामे राहत नाहीत. 1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्राच्या योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात; आधी हे आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. हा अर्ज कोर्टात नव्हे, तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात द्यायचा. रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्य. पण कित्येक घरांना ती मिळते हेच माहीत नसतं, याचं जास्त वाईट वाटतं.

‘तो सापडेपर्यंत मुदत थांबते’ या भरवशावर मात्र राहू नका. दिवाणी दाव्यात प्रतिवादी भारताबाहेर असल्याचा काळ वगळतात. देशातच लपून बसल्याचा नाही. न्यायाधिकरणातल्या अर्जाला 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी त्या आशेवर थांबू नका. आधी अर्ज दाखल करा, शोध मागून चालू ठेवा.