खरा सत्तर एमएम कोणी पाहिला?

तुमचा मोबाइल आडवा धरा. बहुतेक नव्या फोनची स्क्रीन २० बाय ९ असते. गणित करा, रुंदी उंचीच्या २.२२ पट येते. आता ७० एमएम सिनेमाचं माप बघा : २.२० पट. म्हणजे १९५५ साली अमेरिकेत ज्या आकाराच्या चित्रासाठी नवे कॅमेरे, नवे प्रोजेक्टर आणि नवे पडदे बनवावे लागले, तो आकार आज पैनगंगेकाठच्या देऊळघाटातून एसटीने बुलढाण्याला कॉलेजला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? 'शोले' लावा, फोन आडवा करा, झालं की ७० एमएम!

नाही ना. सगळा घोळ तिथंच आहे. ७० एमएम हे पडद्याचं नाव नाहीच मुळी. ते फिल्मच्या पट्टीचं माप आहे. पट्टी सत्तर मिलिमीटर रुंद, बस्स. आपल्याकडं मात्र या शब्दानं भलताच प्रवास केला. मोठं लग्न असलं की 'सत्तर एमएम लग्न', कुणी फार बढाया मारल्या की 'याचं सगळं सत्तर एमएममध्येच असतं'. शब्द गावोगाव पोचला. ती पट्टी मात्र फार थोड्या ठिकाणी पोचली.

आधी थोडं मागं जाऊ. पन्नासच्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडायला लागली. आज ओटीटीमुळं जी बोंब आहे, तीच तेव्हा होती. घरात मिळणार नाही असं काहीतरी थिएटरात द्यायला हवं, म्हणून १९५२ मध्ये सिनेरामा आला. तीन प्रोजेक्टर एकाच वेळी चालवायचे आणि वळणदार पडद्यावर तीन चित्रं एकमेकांना जोडायची. भव्य, पण कटकटीचं. १९५३ मध्ये 'द रोब'बरोबर सिनेमास्कोप आला. हे जास्त हुशारीचं काम होतं. नेहमीच्याच ३५ एमएम पट्टीवर खास लेन्सनं चित्र आडवं दाबून बसवायचं आणि दाखवताना दुसऱ्या लेन्सनं ते पुन्हा पसरवायचं. पट्टी तीच, फक्त लेन्स नवी. म्हणून तो जगभर पसरला. आपल्याकडं गुरुदत्तचा 'कागज के फूल' (१९५९) हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा.

छोट्या गावातल्या थिएटरांना सिनेमास्कोप परवडला तो यामुळंच. ऑपरेटरनं लेन्स बदलायची आणि पडद्याच्या कडेचं काळं कापड सरकवायचं, एवढंच काम. तो लेन्स बदलायला विसरला की हिरो-हिरॉईन एकदम लांबुडके, बांबूसारखे दिसायचे आणि स्टॉलमधून शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, आठवत असेल त्यांना.

७० एमएमचा खेळ वेगळा होता. १९५५ च्या 'ओक्लाहोमा!' या चित्रपटापासून ही पद्धत सुरू झाली. इथं लेन्सची चलाखी नाही, पट्टीच मोठी. कॅमेऱ्यात ६५ एमएमची निगेटिव्ह, तर थिएटरात जाणारी प्रिंट ७० एमएमची. वरचे पाच एमएम कशासाठी? आवाजासाठी. प्रिंटवर लोखंडी भुकटीच्या चुंबकीय पट्ट्या लावलेल्या असत, कॅसेटच्या टेपसारख्या, आणि त्यांवर एक-दोन नाही, सहा वेगवेगळे आवाज. पाच पडद्यामागच्या पाच स्पीकरना, सहावा प्रेक्षकांच्या मागच्या-बाजूच्या स्पीकरना.

चित्राचं म्हणाल, तर जुन्या चौकोनी ३५ एमएमच्या एका फ्रेमच्या तुलनेत ७० एमएमची फ्रेम क्षेत्रफळानं तिपटीहून मोठी. फ्रेम मोठी असली की पडदा भरायला ती कमी ताणावी लागते. चित्र फुटत नाही, थरथरत नाही, आणि तिच्यातून प्रकाशही भरपूर जातो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये वाळवंटाच्या टोकाला एक ठिपका दिसतो आणि तो हळूहळू उंटावरचा माणूस होतो. तो ठिपका दिसावा म्हणून एवढी मोठी पट्टी. मोबाइलवर तो सीन बघा, ठिपका शोधावा लागतो.

हे सगळं वजनदार आणि महागडं. तीन तासांच्या सिनेमाची ७० एमएम पट्टी सहा किलोमीटरहून लांब भरते. प्रोजेक्टर वेगळा, साउंड वेगळा, पडदा वेगळा. मालकानं एवढा खर्च करायचा तर खुर्च्याही तेवढ्याच भरल्या पाहिजेत.

आता आपल्या देशाकडं येऊ. भारतातला पहिला ७० एमएम चित्रपट कोणता, असं क्विझमध्ये आलं तर निम्मा वर्ग 'शोले' लिहील. पण त्याच्या आठ वर्षं आधी, १९६७ मध्ये, राज कपूरचा 'अराउंड द वर्ल्ड' आला होता. नायिका राजश्री, म्हणजे आपल्या व्ही. शांताराम यांची मुलगी. सिनेमा फारसा चालला नाही आणि पहिलेपणाचा मान लोकांच्या लक्षातून गेला. न चाललेल्या सिनेमाची नोंद लोक ठेवत नाहीत, हे तसं अन्यायाचंच.

मग १५ ऑगस्ट १९७५. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं मिनर्व्हा थिएटर, जवळपास दीड हजार खुर्च्या, आणि 'शोले'. पुढं पाच वर्षांहून जास्त काळ तो तिथून हलला नाही. आता यातली गंमत ऐका. 'शोले' ७० एमएम कॅमेऱ्यानं शूट झालेलाच नाही! ते कॅमेरे परवडणारे नव्हते. द्वारका दिवेचा यांनी तो साध्या ३५ एमएमवर टिपला. रामनगरमचे खडक असोत की पनवेलजवळ चित्रित झालेली ती रेल्वेवरची मारामारी. पुढं फ्रेमचा वरचा-खालचा भाग कापून २.२० चा आडवा तुकडा घेतला आणि तो मोठा करून लंडनमध्ये ७० एमएमच्या प्रिंट काढल्या. या प्रकाराला धंद्यात 'ब्लो-अप' म्हणतात.

म्हणजे फसवणूक? मला तसं वाटत नाही. निगेटिव्हमध्ये जेवढं टिपलंय त्याहून जास्त बारकावा ब्लो-अपमध्ये येत नाही, हे खरं. पण मोठ्या प्रिंटमधून जाणारा प्रकाश खरा होता, आणि आवाज तर शंभर टक्के खरा. माझं तर मत असं, की आपल्याकडं ७० एमएमची जादू डोळ्यांपेक्षा कानांची होती. तोवर हिंदी सिनेमा एकाच स्पीकरमधून बोलायचा. इथं घोड्यांच्या टापा डावीकडून उजवीकडं जात होत्या, झोपाळ्याची करकर एका कोपऱ्यातून येत होती. जय नाणं उडवतो तेव्हा ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक खाली वाकून बघायचे, असा किस्सा आजही सांगतात. आणि या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाशी जोडलेलं नाव कुणाचं? राजकमल कलामंदिरचे मंगेश देसाई. पोस्टरवर अमिताभ-धर्मेंद्र असतात, देसाई नसतात. पण मिनर्व्हात ज्यानं लोकांना खुर्चीखाली वाकायला लावलं, त्या आवाजाच्या मागं उभ्या असलेल्यांत ते होते.

त्यातही एक उपकथा. प्रीमियरच्या रात्री ७० एमएमची प्रिंट कस्टममध्ये अडकली होती. त्यामुळं सुटाबुटातल्या पाहुण्यांना ३५ एमएमवरच भागवावं लागलं. देशातल्या सर्वांत गाजलेल्या ७० एमएम सिनेमाचा पहिला मानाचा खेळ ७० एमएमवर झालाच नाही!

पाहुण्यांचं हे एका रात्रीपुरतं झालं. आपल्याकडं मात्र तोच नियम होता.

सिनेमाच्या धंद्यात देशाचे भाग पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात. आपला बुलढाणा जिल्हा कुठल्या सर्किटमध्ये येतो माहितीये? 'सीपी बेरार'. सेंट्रल प्रोव्हिन्सेस अँड बेरार! तो प्रांत नकाशावरून कधीच पुसला गेला, पण सिनेमाच्या हिशेबाच्या वह्यांत अजून जिवंत आहे. अमरावतीत वितरकांची ऑफिसं आणि तिथून पेट्या निघायच्या. पेटी म्हणजे रिळांचे गोल डबे ठेवलेली पत्र्याची पेटी. मोठी शहरं 'ए' सेंटर, मग 'बी', मग 'सी'. प्रिंट आधी 'ए'मध्ये झिजायची आणि मग खाली उतरायची. 'सी' सेंटरला पेटी यायची तोवर पट्टीवर पावसासारख्या उभ्या रेघा, मध्येच उडालेले संवाद, जोडलेले तुकडे. जत्रेतल्या तंबू टॉकीजला तर त्याहून उशिरा. या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आपल्याच महाराष्ट्रात फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, २०१६ मध्ये तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर नक्की बघा. ट्रकवर लादलेला प्रोजेक्टर म्हणजे काय प्रकरण असतं ते कळतं.

अशा ठिकाणी ७० एमएमचं यंत्र कुठून येणार? म्हणून छोट्या गावांतल्या लोकांनी 'शोले' पाहिला तो ३५ एमएमवर, एकाच स्पीकरमधून, रेघांच्या पावसात. पोस्टरवर मात्र ७० एमएमची अक्षरं होती. तुमच्या आजोबांनी 'शोले' सात वेळा पाहिला असेल आणि गब्बरचे डायलॉग त्यांना तोंडपाठही असतील. तरी मिनर्व्हातल्या माणसानं पाहिलेला 'शोले' तो नव्हेच. यात आजोबांचं काही कमी झालं असं मी म्हणत नाही. डायलॉगला सहा स्पीकर लागत नाहीत, आणि तंबूतला गब्बरही तितकाच भीतिदायक असणार. पण एकाच तिकिटाच्या नावाखाली दोन वेगळे सिनेमे देशभर विकले जात होते, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

'शोले'नंतर ७० एमएमची हौसच आली. 'शान' आला (१९८०). मल्याळममध्ये 'पडयोट्टम' (१९८२) हा सगळं काम भारतातच पूर्ण झालेला पहिला ७० एमएम चित्रपट ठरला. हैदराबादेत तर थिएटरांच्या नावातच हे आकडे शिरले. डिसेंबर २०२४ मध्ये 'पुष्पा २'च्या वेळी बातम्यांत आलेलं 'संध्या ७० एमएम' हे नाव आठवत असेल. आज तिथं सिनेमा डिजिटलच दाखवतात, पण पाटीवरचे सत्तर एमएम तसेच आहेत. नव्वदच्या दशकात साध्या ३५ एमएम प्रिंटवरच डिजिटल आवाज बसवता यायला लागला आणि ७० एमएमचं मुख्य आकर्षणच संपलं. मग २००५ च्या पुढं सॅटेलाइटवरून थेट सिनेमा थिएटरात उतरायला लागला. पेट्या बंद, सर्किटच्या शेवटी उभं राहून वाट बघणंही बंद. आपल्यासारख्या गावांसाठी हा फायदाच झाला, ते कबूल करायला हवं. आता मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा शुक्रवारीच आपल्याकडंही लागतो, आणि रेघा नसतात.

तिकडं परदेशात मात्र पट्टी परत आली. ख्रिस्तोफर नोलनचा 'ओपनहायमर' (२०२३) घ्या. त्याची आयमॅक्स ७० एमएम प्रिंट सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची. आयमॅक्समध्ये हीच पट्टी आडवी पळवतात, त्यामुळं एक फ्रेम साध्या ७० एमएमच्याही जवळजवळ तिप्पट होते. अशी प्रिंट जगात फक्त ३० थिएटरांना मिळाली. भारतात एकालाही नाही. मुंबई-पुण्याच्या मित्रानं 'आयमॅक्सला पाहिला' म्हणून स्टेटस टाकलं होतं ना? त्यानंही डिजिटलच पाहिला. यावेळी 'ए' सेंटरही आपल्याच रांगेत! त्याआधी २०१८ मध्ये नोलन मुंबईत आला होता, तेव्हा वडाळ्याच्या आयमॅक्समध्ये 'डंकर्क'ची ७० एमएम प्रिंट चालवली होती. इतक्या मोठ्या देशात ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

आणि 'शोले'चं काय झालं? फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्सनं मिळून जवळपास तीन वर्षं त्याच्या जुन्या पट्ट्या दुरुस्त केल्या. मूळ निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमनं खराब झाली होती. फिल्म सडायला लागली की तिला खरोखर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, म्हणून हे नाव. लंडनमधल्या गोदामात सापडलेल्या साहित्याची मदत झाली. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात भर चौकात, उघड्या आकाशाखाली नवा 'शोले' दाखवला गेला, सेन्सॉरनं तेव्हा बदलायला लावलेल्या मूळ शेवटासकट. डिसेंबरमध्ये तो आपल्याकडंही लागला. चौकट पुन्हा २.२० ची ठेवली आहे, ७० एमएमचा मान म्हणून.

कारण ७० एमएमची प्रिंट मात्र एकही उरलेली नाही. मिनर्व्हात पाच वर्षं ज्या पट्टीनं लोकांना येड लावलं, ती गेली. मिनर्व्हाही पाडलं गेलं.

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर... तुमच्या गावच्या जुन्या थिएटरचे ऑपरेटर मात्र अजून कुठंतरी असतील. कुणी किराणा दुकान टाकलं असेल, कुणी नातवंडं सांभाळत असेल. या सुट्टीत त्यांना गाठा, आणि फोन आडवा धरून रेकॉर्ड करा. विचारा : कार्बनच्या दोन काड्यांतला जाळ शो संपेपर्यंत कसा सांभाळायचात? रीळ बदलण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात येणारा ठिपका आम्हाला कधी दिसला कसा नाही? पेटी वेळेत आली नाही, तर बाहेरच्या गर्दीला काय सांगायचात? आणि शेवटी हेही विचारा, की मोठ्या शहरात जाऊन त्यांनी स्वतः कधी खरा सत्तर एमएम पाहिला होता का.