एकच वस्तू दोनदा, की दोन वस्तू एका नावाने?

तत्त्वज्ञानाचा माणूस डेटाबेसवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण १९७० साली एडगर कॉड यांनी टेबलांच्या संदर्भात 'प्रायमरी की' मांडली, तेव्हा त्यांनी आमचाच एक जुना प्रश्न हातात घेतला होता: हीच ती वस्तू, हे ओळखायचं कशावरून?

निवृत्तीनंतर मी एका वाचनालयाची सभासदवही संगणकावर चढवत होतो. नाव आणि आडनाव मिळून प्रायमरी की केली. एक दिवस मायएसक्यूएलने अडवलं: एरर १०६२, डुप्लिकेट एन्ट्री. मी घाईत 'इन्सर्ट इग्नोर' वापरलं. एरर गेली. काही महिन्यांनी एक गृहस्थ अनामत परत मागायला आले, तर त्यांची नोंदच नाही! त्यांना आणि त्यांच्या चुलतभावाला, दोघांनाही आजोबांचंच नाव ठेवलेलं. 'इग्नोर'ने दुसरी ओळ गुपचूप टाकून दिली होती. त्यांच्याकडे पावती होती म्हणून बरं. नाहीतर मीच त्यांना खोटं ठरवलं असतं.

आता बघा, ही एरर दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते. कधी तीच वस्तू आपण दोनदा नोंदवत असतो. कधी वस्तू दोन असतात, पण आपण निवडलेली खूण त्यांना वेगळं दाखवू शकत नाही. सर्व गुणधर्म तंतोतंत सारखे असलेल्या दोन वेगळ्या वस्तू असूच शकत नाहीत, असं लायब्निट्झचं मत. असेल. पण टेबलात सगळे गुणधर्म कुठे येतात? चार-पाच रकाने येतात. म्हणून जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवून वाचायची. पहिल्या प्रकारात नवी ओळ सोडायची. दुसऱ्यात की बदलायची. आम्ही सभासद क्रमांक दिले.

क्रमांक देणाराही चुकतो बरं का. जुन्या नोंदी क्रमांकांसकट आयात केल्या, तर पोस्टग्रेएसक्यूएलचा सीक्वेन्स मागेच राहतो आणि वापरलेला क्रमांक पुन्हा देतो. त्याला सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढे न्यावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये क्रमांकाचा रकाना साधा 'टायनीइंट' असेल, तर १२७ला जागा संपते आणि १२७ डुप्लिकेट असल्याची तक्रार येते. इथे नोंद चोख असते, रकानाच लहान पडलेला असतो. तो मोठा करायचा.

इंडेक्सचं दुखणं वेगळं. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची. ती बिघडली, तर ओळ टेबलात असूनही शोधल्यावर सापडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर अक्षरांचा क्रम बदलला, की पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असं होऊ शकतं. मूळ पुस्तक शाबूत असेल, तर सूची नव्याने करता येते. 'रीइंडेक्स' हेच करतो. पण दरम्यान डुप्लिकेट ओळी शिरल्या असतील, तर युनिक इंडेक्स पुन्हा बांधताना तो अडतो. तेव्हा 'ग्रुप बाय' आणि 'हॅव्हिंग काउंट' वापरून एकाहून अधिक वेळा आलेल्या किंमती काढायच्या, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा: वस्तू एक, की दोन?

सूची पुन्हा करता येते. टाकून दिलेली ओळ मात्र आपोआप परत येत नाही. म्हणून काहीही पुसण्याआधी बॅकअप घ्या. आणि एरर आली की तिला गप्प करू नका, आधी तिचं उत्तर शोधा.